काशीच्या शास्त्र्याची शंका

आज सर्वपित्री अमावास्या. ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही, ज्यांचे नाव घेणारे कुळात कोणी उरले नाही, अशा साऱ्यांच्या नावे आज घरोघरी तिलोदक सोडले जाईल. आप्त नसलेल्यांनाही तर्पणात स्थान आहे आणि गयेस तर कुळगोत्र ठाऊक नसलेल्यांसाठीही धर्मपिंड दिला जातो. दात येण्यापूर्वी गेलेल्या तान्ह्या बालकास मात्र अग्नी नाही आणि पिंडही नाही. त्यास भूमीच्या कुशीत ठेवतात. यात अनादर नसतो. तो जीव आपले कर्म घेऊन पुढील जन्माच्या वाटेस लागला, अशी आपली धारणा असते. पण जेथे पुनर्जन्म मानीत नाहीत, तेथे या अर्भकाचे काय होते? आणि ज्याच्या कानी तारणाऱ्याचे नावच गेले नाही, त्या दूरच्या माणसाचे काय? या प्रश्नांच्या मुळाशी असलेल्या शंकेशी एका मराठी पंडिताची जन्मभर गाठ पडली होती. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे त्यांचे नाव. पुढे ते फादर नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले गेले. पितरांच्या स्मरणाच्या या दिवशी त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

नीळकंठशास्त्र्यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळच्या एका गावी, कोकणस्थ ब्राह्मण घराण्यात झाला. कुटुंब पुढे काशीस स्थायिक झाले. तेथे व्याकरण, न्याय व वेदान्त यांचे अध्ययन करून त्यांनी विशीच्या आतच शास्त्री म्हणून नाव मिळविले. त्या काळी जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ चक्क संस्कृत श्लोकांत रचून हिंदू धर्मावर आक्षेप घेतले होते. हा ग्रंथ १८३९ साली निघाला. आव्हान देववाणीतच आले म्हटल्यावर पंडितांनी लेखणी उचलली, आणि त्या उत्तरांपैकी सर्वांत तर्कशुद्ध उत्तर या तरुणाचे होते. १८४४-४५ च्या सुमारास त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला.

त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. ईश्वर जर दयाळू आणि न्यायी, तर कोणी जन्मांध, कोणी जन्मतः दरिद्री, कोणी जन्मताच वेदनेत, हे वैषम्य कोठून आले? पूर्वकर्म मानले तर त्याची उपपत्ती लागते. न मानले तर सारा दोष ईश्वराच्या पदरी पडतो. आणि चार दिवसांच्या आयुष्यातील पापासाठी कधीही न संपणारा नरक, हा कोणता न्याय?

या तर्काचा धागा पुढे ओढला की आरंभीचे दोन्ही प्रश्न आपोआप उभे राहतात. काशीहून मुंबईस येणारा लोहमार्ग थळघाट उतरला की शहापूर तालुक्यात उंबरमाळी लागते. तेथल्या डोंगरपाड्यावरील एखादा ठाकूर वा कातकरी मनात आणावा. जन्मभर कोणास फसविले नाही, देवास भजला, पण येशूचे नाव कानी पडण्याआधीच मरण पावला. त्याच्या झोपडीत सहाव्या दिवशी गेलेले मूल तर ना पाप जाणते ना पुण्य. न झालेल्या उपदेशाचा दंड या दोघांस व्हावा काय?

ख्रिस्ती पंडितांना हे प्रश्न सुचले नव्हते असे समजणे अन्यायाचे होईल. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी आदिपापाचा सिद्धान्त कठोरपणे लावून बाप्तिस्म्याविना गेलेली बालकेही दंडास पात्र ठरविली; मात्र तो दंड सर्वांत सौम्य असेल अशी सवलत ठेवली. मध्ययुगातील आचार्यांना तेवढेही सोसले नाही. त्यांनी ‘लिंबो’ नावाचा एक लोक कल्पिला: तेथे यातना नाहीत, ईश्वराचे दर्शनही नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते तेथली बालके आपल्या परीने सुखीच असतात. प्रौढांच्या बाबतीत मात्र उत्तर पुष्कळ काळ निष्ठुर राहिले. ज्यांचा देह आज गोव्यात आहे ते संत फ्रान्सिस झेवियर जपानात गेले, तेव्हा नवदीक्षितांनी आपल्या मृत पितरांच्या सुटकेचा उपाय विचारला. उपाय नाही, हे ऐकून ते रडले. ही हकीगत स्वतः झेवियर यांनीच १५५२ सालच्या पत्रात नमूद केली आहे. पितृपक्ष पाळणाऱ्या कोणाही माणसास त्या अश्रूंचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आणि तरीही नीळकंठशास्त्री ख्रिस्ती झाले. काशीच्या रस्त्यावर उपदेश करणाऱ्या विल्यम स्मिथ या मिशनऱ्यास निरुत्तर करण्यासाठी ते गेले होते. वादातून वाचन, वाचनातून संशय असे होत १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काशीच्या ब्राह्मण घरात पुत्राचे धर्मांतर म्हणजे काय, हे लिहिण्याची गरज नाही. श्राद्धाचा अधिकार गेला; जिवंतपणीच तो मुलगा घराला मेल्यासारखा झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे आल्या व त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण १८५३ साली कन्येस जन्म दिल्यावर त्या लवकरच निवर्तल्या. मागे राहिले आईवेगळे तान्हे मूल. ज्या अँग्लिकन पंथात गोऱ्हे शिरले होते, त्याच्या प्रार्थनाग्रंथात बाप्तिस्मा झालेले अर्भक निःसंशय तरते असे आश्वासन होते. बाप्तिस्मा न झालेल्याविषयी मौन होते. त्याच्या दफनाच्या वेळी तो अंत्यविधी वाचू नये, एवढी सूचना तेवढी होती. कन्या एलन लक्ष्मी वाचली, परक्यांच्या घरी वाढली आणि पुढे इंग्लंडला गेली.

गोऱ्हे स्वतः १८५४ साली महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेले. आदल्याच वर्षी तेथे अनंत नरकाविषयी शंका घेतली म्हणून एफ. डी. मॉरिस या आचार्यांना लंडनच्या किंग्ज कॉलेजातील अध्यापकपद गमवावे लागले होते. परत आल्यावर १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून गोऱ्ह्यांनी आपल्याच जुन्या दर्शनांचे खंडन केले. १८६८ साली तर अनंत दंडाच्या सिद्धान्तावरील आक्षेपांना उत्तर देणारा निबंध त्यांनी लिहिला. तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी ज्या शस्त्राने वार केला, तेच आता स्वतःच्या ढालीवर झेलायचे! आम्हांस या निबंधात विजयोन्मादापेक्षा धडपड अधिक जाणवते. श्रद्धा दृढ होती, पण शंका त्यांना अखेरपर्यंत छळीत राहिली, हे त्यांच्या चरित्रकारांनीही लपविलेले नाही.

१८७० साली ते धर्मगुरू झाले. १८७६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त मंडळात साधक म्हणून राहिले, पण अखेरची शपथ त्यांनी घेतली नाही. त्याच ऑक्सफर्डात डॉ. प्यूझी होते. अनंत नरकाचे कट्टर समर्थक असूनही, अज्ञानामुळे ख्रिस्ताबाहेर राहिलेले सारे बुडालेच असे मानणे श्रद्धेचा भाग नाही, असे या वृद्ध आचार्यांनी १८८० सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. उंबरमाळीच्या त्या माणसासाठी दार किंचित किलकिले झाले म्हणायचे.

पुढे पुण्या-मुंबईत गोऱ्हे अत्यंत साधेपणाने, बैराग्यासारखे राहिले. ब्राह्मो समाजाच्या अनुयायांशी वाद घालीत, पण त्यांच्या विरक्तीविषयी विरोधकांनाही आदर होता. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, त्यात गोऱ्ह्यांच्या मराठी लेखनाचा वाटा होता. रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास तीर्थाटनात अन्नान्न दशेत मरण पावले होते, तेही निष्ठावंत हिंदू म्हणून. अशा आईबापांच्या गतीचा प्रश्न गुरू व शिष्या दोघांनाही पडला नसेल, हे आम्हांस संभवत नाही.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी फादर गोऱ्हे मुंबईत निवर्तले. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १९५१ साली उज्जैनहून छापून निघाला. त्यांच्या नव्हे, पण रोमन पंथाच्या धर्मसभेने १९६४ साली जाहीर केले की, स्वतःचा दोष नसता ख्रिस्ताची ओळख न झालेले, पण प्रामाणिकपणे ईश्वरास शोधणारे लोकही तारण पावू शकतात. बालकांच्या बाबतीत त्याहूनही उशीर झाला. लिंबो हे केवळ आचार्यांचे मत आहे आणि बाप्तिस्म्याविना गेलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम आधार आहे, असा निष्कर्ष त्या पंथाच्या धर्मपंडितांच्या आयोगाने २००७ साली प्रसिद्ध केला. काशीच्या तरुण शास्त्र्याने आपला ग्रंथ लिहिला, त्यास तेव्हा एकशे बासष्ट वर्षे झाली होती.