पंडिता रमाबाई : स्वतःचा दुष्काळ आठवला आणि त्या निघाल्या

1896-97. मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला होता. पुण्यात शारदा सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंना मदतीला जायचं होतं, पण हाताशी पैसा नव्हता. सदनाचा खर्च अमेरिकेतून येणाऱ्या मदतीवर चालायचा आणि तिची 10 वर्षांची मुदतही संपत आली होती.

दुष्काळ म्हणजे काय, हे मात्र त्यांना कुणी सांगायला नको होतं. 1870च्या दशकात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि मोठी बहीण असे तिघेही भुकेने खंगून गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी देशभर पायी भटकले. 1883 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे मागे वळून पाहताना त्यांना वाटू लागलं, की त्या दिवसांत देवानेच आपल्याला जगवलं. तेही आपण त्याला ओळखत नसताना! ब्रिस्टलमध्ये केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्रही त्यांनी वाचलं होतं.

त्या गेल्या. सुमारे 300 मुली आणि स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून सगळ्यांना केडगावच्या शेतावर नेलं. मुक्ती मिशनची सुरुवात ही अशी, घाईगर्दीतली. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या.

1907 मध्ये रमाबाईंनी आपली हकिकत इंग्रजी पुस्तिकेत लिहिली. त्यात उपासमारीचे ते दिवसही आहेत. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.