इन्सुलिनवाले डॉक्टर बँटिंग



१४ नोव्हेंबरला आपण बालदिन साजरा करतो. त्याच दिवशी जागतिक मधुमेह दिनही असतो, कारण १८९१ साली त्या तारखेला फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. कॅनडा देशातील अ‍ॅलिस्टन गावाजवळच्या एका शेतकऱ्याचे हे शेंडेफळ. ते डॉक्टर झाले, पहिल्या महायुद्धात जखमी झाले आणि १९२० साली त्यांनी लंडन शहरात दवाखाना उघडला. (हे लंडन कॅनडातलेच, बरं का!) पण रोगीच येईनात. पहिल्या महिन्याची कमाई अवघी चार डॉलर.

त्या काळी मधुमेह झालेले मूल वाचत नसे. खाल्लेले अंगी लागत नसे, साखर लघवीवाटे जाई. चार दिवस जास्त जगावे म्हणून डॉक्टर त्याला जवळजवळ उपाशी ठेवत. आईबापांनी हे कसे पाहिले असेल!

आपल्या पोटात जठरामागे स्वादुपिंड असते. ते अन्न पचवणारा रस तयार करते आणि साखरेवर ताबा ठेवणारे इन्सुलिनही. इन्सुलिन हे प्रथिन आहे. स्वादुपिंड वाटून ते काढायला जावे, तर तो पाचक रस त्यालाच पचवून टाकी. म्हणजे चोर घरातलाच! रसाची नळी आधी बांधून टाकली तर रस करणारा भाग सुकेल, असे बँटिंग यांना ऑक्टोबर १९२० च्या शेवटी एका रात्री सुचले.

माझ्या आजीला रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. गोळी का नाही, असे मी आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना विचारले. गिळले तर ते डाळीतल्या प्रथिनासारखे पोटात पचून जाते, असे त्यांनी सांगितले. बँटिंग यांचीही अडचण हीच होती की!

टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लिऑड यांनी त्यांना प्रयोगशाळा दिली, चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी मदतीला दिला. मे १९२१ पासून कुत्र्यांवर प्रयोग चालले. पुष्कळ कुत्री मेली. मला वाईट वाटले, पण ते लपवून कसे चालेल? पुढे नळी बांधायची गरजच नाही असे दिसून आले. कॉलिप नावाच्या शास्त्रज्ञांनी मद्यार्क वापरून गुरांच्या स्वादुपिंडातले औषध शुद्ध केले.

लिओनार्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा इस्पितळात होता. वजन तीस किलोसुद्धा नाही! ११ जानेवारी १९२२ ला त्याला पहिली सुई दिली. औषध पुरते शुद्ध नव्हते, टोचल्या जागी गळू झाले. काम थांबले. कॉलिप पुन्हा खपले, आणि २३ जानेवारीला परत सुई दिली. साखर उतरली, पोराला तरतरी आली. तो आणखी तेरा वर्षे जगला.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ साली औषधाचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. त्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेस्टला वगळले म्हणून बँटिंग रागावले आणि आपल्या वाट्यातले अर्धे पैसे त्यांनी त्याला दिले. मग मॅक्लिऑड यांनीही आपले अर्धे कॉलिपना दिले.

२१ फेब्रुवारी १९४१ रोजी न्यूफाउंडलंड येथे विमान कोसळून बँटिंग वारले. वय फक्त ४९. जंतूंकडून करवून घेतलेले इन्सुलिन १९८२ साली बाजारात आले, ते पाहायला ते हवे होते.