आकाशवाणीच्या धूनमागचा माणूस : वॉल्टर कॉफमन

ज्यांच्या घरी आकाशवाणी परभणी लागायचं, त्यांना सकाळची सभा सुरू होण्याआधीची ती धून नक्की आठवत असेल. खाली तंबोरा, वर व्हायोलिनचे हळवे सूर. तिचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते वॉल्टर कॉफमन मात्र आपल्या मुलांना माहीतच नाहीत.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाद इथे एका जर्मन बोलणाऱ्या ज्यू घरात झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. बर्लिनमध्ये ते फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचना शिकले. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात पीएच.डी.चं काम पूर्ण केलं, पण आपले मार्गदर्शक नाझींच्या युवक संघटनेत आहेत हे कळल्यावर ती पदवी घ्यायलाच नकार दिला! पदवीसाठी माणसं काय काय करतात ते आपण बघतोच.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू कलावंतांना तिथे जागा उरली नाही. भारताचा व्हिसा लवकर मिळत होता. म्हणून १९३४ च्या सुरुवातीला कॉफमन मुंबईत उतरले. वय अवघं सव्वीस.

इथे आल्यावर त्यांनी आपल्या संगीताच्या रेकॉर्डी ऐकल्या, आणि त्यांना त्यातलं काहीच कळेना. अगदी परकं वाटलं. दुसरा कोणी असता तर नाक मुरडून मोकळा झाला असता. कॉफमन यांनी उलटा विचार केला. लाखो लोक ज्या संगीतावर जीव टाकतात ते संगीत चुकीचं कसं असेल? म्हणजे उणीव आपल्याच कानात आहे. मग इथेच राहून शिकायचं, असं त्यांनी ठरवलं. थोडे दिवस काढायला आलेला माणूस बारा वर्षं राहिला. (वर्गातलं एखादं मूल ‘मला हे जमत नाही’ म्हणतं तेव्हा मला हेच आठवतं.)

मुंबईत त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम व्हायचा. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. मे १९३७ पर्यंत १३६ कार्यक्रम झाले होते. त्याच वर्षापासून ते मुंबई रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. मोहन भवनानी यांच्या चित्रपटालाही त्यांनी संगीत दिलं.

रेडिओची ही धून १९३६ च्या सुमाराची. ती शिवरंजनीवर आधारलेली आहे. शाळेच्या पेटीवर वाजवून दाखवायला हा राग फार सोपा. भूपाचे सा, रे, ग, प, ध घ्या आणि फक्त गंधार कोमल करा. एका स्वराने आनंदी भूप कसा उदास होतो ते मुलांना लगेच कळतं. परक्या देशात जीव वाचवून राहिलेल्या माणसाला नेमका हाच राग का सुचला असेल?

कारण मागे राहिलेल्यांचं काय झालं ते भयंकर आहे. कॉफमन यांच्या पत्नी गर्टी या प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची. काफ्कांच्या तिन्ही बहिणींचा नाझींनी बळी घेतला. त्यांपैकी एक गर्टीची आई.

१९४६ मध्ये कॉफमन यांनी भारत सोडला. इंग्लंड, मग कॅनडा. तिथे विनिपेगच्या वाद्यवृंदाचे ते संचालक होते. १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. आणि तिथे बसून त्यांनी लिहिलं काय? १९६८ साली उत्तर भारतातल्या रागांवर जाडजूड ग्रंथ, नंतर दक्षिणेतल्या रागांवर दुसरा. सुरुवातीला ज्यांना आपलं गाणं अजिबात कळत नव्हतं तेच हे कॉफमन!

१९८४ च्या सप्टेंबरमध्ये ते अमेरिकेतच वारले. त्यांची धून इथे वाजतच राहिली.