चुलीचा धूर आणि मगनवाडीचे कुमारप्पा

चुलीच्या धुराने डोळे झोंबतात, ही तक्रार घेऊन गडचिरोलीकडच्या बाया दवाखान्यात येत नाहीत. पदराने डोळे पुसायचे आणि पुन्हा फुंकणी हाती घ्यायची, ही रोजचीच गोष्ट. त्या येतात तेव्हा बहुधा मोतीबिंदू पिकलेला असतो. या धुरावर उपाय शोधण्याचे एक जुने काम आपल्याच विदर्भात, वर्ध्याला झाले. ज्या संस्थेत ते झाले, तिची घडी बसवणारा माणूस पेशाने हिशेबनीस होता. त्यांचे नाव जे. सी. कुमारप्पा.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय मांडला. पुढे अमेरिकेत सिराक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत ते शिकले. हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा आणि सरकारी महसुलाचा संबंध हा त्यांचा अभ्यासविषय होता. हाच प्रबंध घेऊन १९२९ साली ते साबरमतीला गांधीजींना भेटले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. कॉर्नेलियस हे आडनाव सोडून त्यांनी कुमारप्पा हे घराण्याचे नाव घेतले. गुजरातच्या मातर तालुक्याची त्यांनी गावोगाव फिरून आर्थिक पाहणी केली.

१९३४च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्याच्या बागेत संघाचे काम सुरू झाले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी नाव पडले. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या यांच्या जोडीला तिथे दिवा आणि चूल हेही संशोधनाचे विषय होते. मगनदीप रॉकेलऐवजी घाणीच्या तेलावर जळे. रॉकेलसाठी गावचा पैसा बाहेर जातो आणि घाणीचे तेल गावातच निघते, असा त्यामागचा हिशेब होता. मगनचूल मातीचीच होती, पण तिचा धूर घरात न कोंडता धुराड्यातून छपराबाहेर जाई.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने १९३८च्या सुमारास औद्योगिक पाहणीसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष कुमारप्पाच होते. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली तेव्हा याच प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होते. पुढे चले जाव आंदोलनात जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक लिहिले. कोळसा, खनिज तेल हे संपणारे साठे आणि लाकूड, धान्य, पाणी हा सांभाळला तर टिकणारा प्रवाह, असा फरक त्यांनी त्यात मांडला. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले.

आता डोळ्यांकडे वळू. लाकूड अर्धवट जळते तेव्हा धुरात सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि तिखट वायू तयार होतात. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर त्याने बिघडतो, डोळा लाल होतो, पाणी येते. हे सगळ्यांना दिसते. न दिसणारे नुकसान आतल्या भिंगाचे असते. भिंगाला रक्तवाहिन्या नाहीत आणि त्यातली प्रथिने जन्मभर बदलली जात नाहीत. श्वासावाटे रक्तात गेलेली धुरातली द्रव्ये भिंगाची संरक्षक शक्ती खर्ची घालतात, प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि भिंग धुरकट होते. उन्हातले अतिनील किरणही हेच करतात. काचेच्या भट्टीसमोर वर्षानुवर्षे राबणाऱ्या कामगारांना उष्ण किरणांमुळे मोतीबिंदू होतो, हेही जुने ज्ञान आहे. आपल्याकडची बाई सकाळ-संध्याकाळ चुलीशी आणि दिवसभर धानाच्या बांधीत किंवा तेंदूपानासाठी उन्हात असते. दोन्ही मारे एकाच भिंगावर बसतात.

नेपाळ-भारत सीमेवरच्या एका रुग्णालयातील अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. धुराडे नसलेल्या चुलीवर रांधणाऱ्या बायांत मोतीबिंदूची शक्यता गॅससारखे स्वच्छ इंधन वापरणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळली. धुराडे असलेल्या चुलीबाबत ती वाढ बरीच कमी दिसली. मगनवाडीची दिशा बरोबर होती.

मग चुली पोचल्या का नाहीत? १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला गेला. पण अनेक घरांत धुराडे काजळीने तुंबले, फुटले आणि दुरुस्त करायला कोणी आले नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा सिलिंडर आला. तो पुन्हा भरायला रोख पैसे लागतात, सरपण मात्र जंगलात फुकट मिळते. कुमारप्पांना हा हिशेब लगेच कळला असता. फक्त त्या सरपणाच्या किमतीत बाईची नजरही धरायला हवी.

तोवर एवढे करा. सरपण वाळवूनच जाळा. धुराडे असेल तर दर महिन्याला काजळी काढा. नसेल तर चूल खिडकीजवळ किंवा पडवीत मांडा आणि तान्ह्या मुलाला धुरात बसवू नका. मोहफुलांसाठी पालापाचोळा जाळू नका. उन्हात डोक्याला टोपी, पदर किंवा रुमाल असू द्या. डोळ्यात झाडपाल्याचा रस, मध किंवा तूप घालू नका, त्याने जखम होऊन फूल पडते आणि ते सहज जात नाही. चाळिशीनंतर वर्षातून एकदा डोळे तपासा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. त्यासाठी तो पिकण्याची वाट पाहू नका.