जॉन ड्रायडन आणि वाक्याच्या शेवटचा छोटा शब्द

इंग्रजी लिहिताना आम्हां मराठी माणसांना सर्वांत जास्त अडवतात ते इन, ऑन, टू, विथ हे छोटे शब्द. आपल्याकडे ‘झाडाखाली’, ‘घरासमोर’ असे शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागते. इंग्रजीत ते नामाआधी येते. अशा शब्दावर वाक्य संपवू नये, असे बँकेत मसुदे करताना वरिष्ठ आम्हांला बजावीत. या दंडकाशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते कवी जॉन ड्रायडन.

ड्रायडन यांचा जन्म 1631 साली इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात झाला. शिक्षण वेस्टमिन्स्टर शाळेत व केंब्रिजला झाले. 1668 मध्ये ते राजकवी झाले. आपल्याला विशेष वाटावे असे त्यांचे नाटक म्हणजे ‘औरंग-झीब’. ते 1675 साली रंगमंचावर आले, तेव्हा शिवरायांच्या राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष झाले होते आणि खुद्द औरंगजेब दिल्लीच्या तख्तावर होता.

1672 मध्ये त्यांनी आधीच्या पिढीतील नाटककार बेन जॉन्सन यांच्या भाषेतील दोष दाखवले. वाक्याच्या शेवटी येणारे अव्यय हा त्यांतलाच एक. ‘द हाउस ही लिव्ज इन’ ऐवजी ‘द हाउस इन विच ही लिव्ज’, अशी ही रचना. मापदंड होता लॅटिनचा. आपले इंग्रजी वाक्य शंकास्पद वाटले, की ते लॅटिनमध्ये करून पाहत.

मात्र हाच दोष आपल्याही लेखनात आहे, हे त्यांनी तेव्हाच मान्य केले होते. नाट्यकलेवरील 1668 चा आपला निबंध 1684 मध्ये पुन्हा छापताना त्यांनी अशी वाक्ये बदलली. दुसऱ्याला लावलेला नियम स्वतःलाही लावला.

पुढे ते कॅथलिक झाले. 1688 च्या राज्यक्रांतीनंतर नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ त्यांनी घेतली नाही, राजकविपद गेले. मग उतारवयात भाषांतरांवर चरितार्थ चालवला. त्यांचे व्हर्जिलचे भाषांतर 1697 साली प्रसिद्ध झाले. 1700 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा दंडक मात्र पुढे शाळांतून घट्ट बसला. 1926 मध्ये फाउलर यांनी आपल्या प्रसिद्ध कोशात तो निराधार ठरवला. आज बोलण्यात आणि साध्या पत्रात अव्यय शेवटी चालते. करारात वा औपचारिक अर्जात जुनी रचना अजून शोभते. आमच्या नातवंडांना आम्ही एवढेच सांगतो : नियम बदलतात, पण आपलेच लिखाण पुन्हा वाचून सुधारण्याची ड्रायडन यांची सवय जुनी होत नाही.