राजदूत, संसद आणि बाबासाहेब

राजदूतांची नेमणूक ही केवळ सरकारची मर्जी असावी, की त्यात संसदेचेही मत विचारात घ्यावे? राज्यघटना तयार होत असताना मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाला उत्तर सुचविले होते. संसद सदस्यांचे किमान पंधरा जणांचे सल्लागार मंडळ असावे आणि न्यायाधीशांप्रमाणेच राजदूत नेमण्यापूर्वीही राष्ट्रपतींनी त्याचा सल्ला घ्यावा, अशी ती योजना होती. राष्ट्रपतींसाठीच्या सूचनापत्राची ही तरतूद डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीपुढे आली. ऑक्टोबर १९४९ मध्ये सूचनापत्रच वगळण्यात आले. संसदेच्या हाती उरले ते प्रश्न आणि चर्चा.

१८९१ मध्ये महू येथे जन्मलेल्या, कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेल्या बाबासाहेबांनी हे साधन स्वतःच धारदारपणे वापरले. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यामागील कारणांत परराष्ट्र धोरणही होते. १९५२ मध्ये ते राज्यसभेवर गेले. मे १९५४ मध्ये त्यांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. १९९९ मध्ये स्वतंत्र झालेला गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांचा पराभव केला. तरीही २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशीलावरून नेहरू सरकारला धारेवर धरले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. राजदूतपदी राजकारण्यांच्या नेमणुका पुढेही होत राहिल्या. संसदेचा सल्ला घेण्याची अट मात्र घटनेत आलीच नाही.