रेडॉनचा माग काढणाऱ्या हॅरिएट ब्रूक्स

नदी-सरोवरांच्या तळाशी साचलेल्या गाळात रेडियमचा अत्यल्प अंश असतो. त्याच्या विघटनातून निर्माण होणारा रेडॉन वायू गाळातून हळूहळू पाण्यात पसरतो. त्याचे प्रमाण मोजून नदीत भूजल कोठे व किती मिसळते, याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात. मुळात हा वायू आहे, हे सिद्ध करण्यात हॅरिएट ब्रूक्स यांचा मोठा वाटा होता.

२ जुलै १८७६ रोजी कॅनडातील एक्झेटर येथे जन्मलेल्या हॅरिएट यांनी १८९८ मध्ये मॅकगिल विद्यापीठाची पदवी संपादन केली. अर्नेस्ट रुदरफोर्ड यांच्या तेथील त्या पहिल्या संशोधक विद्यार्थिनी. रेडियममधून बाहेर पडणारा गूढ पदार्थ हवेत किती वेगाने पसरतो, हे मोजून १९०१ मध्ये दोघांनी तो जड वायू असल्याचे दाखविले. पुढे केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांच्याकडेही त्यांनी संशोधन केले.

१९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात अध्यापन करीत असताना त्यांचा विवाह ठरला. विवाहानंतर नोकरी सोडावीच लागेल, अशी कॉलेजची भूमिका होती. ब्रूक्स यांनी तिला ठाम विरोध केला. अखेर विवाह मोडला आणि नोकरीही सुटली. त्यानंतर पॅरिसमध्ये मेरी क्युरी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. परंतु १९०७ मध्ये फ्रँक पिचर यांच्याशी विवाह झाल्यावर संशोधनाला कायमचा विराम मिळाला. १७ एप्रिल १९३३ रोजी त्यांचे निधन झाले. जेमतेम दशकभराचे संशोधन मागे ठेवून गेलेल्या या विदुषीची उपेक्षा मात्र दीर्घकाळ झाली.